पहाटे मीरकॅट बघायचेत? मग फार्म स्टे सगळ्यात आधी बुक करू नका

दक्षिण आफ्रिकेची ट्रिप ठरवताना केपटाउन, गार्डन रूट (दक्षिण किनाऱ्यालगतचा पट्टा), सफारी असं सगळं लिहून झालं की यादीत शेवटी एक ओळ येते, 'कारूमध्ये फार्मवर राहून पहाटे मीरकॅट बघणे', आणि नेमकी तीच ओळ फसते. फार्म मस्त मिळतो, अंगणातून डोंगर दिसतात, कुंपणापलीकडे शहामृगं दिसतात, मीरकॅट हे मुंगसासारखे छोटे प्राणी मात्र दिसत नाहीत. कारण क्रमच उलटा असतो. आधी विमानाचं तिकीट, मग गाडी, मग फोटो बघून फार्म, आणि मीरकॅटचं काय तर 'तिथं गेल्यावर विचारू'.

क्रम असा हवा: मीरकॅट, मग मुक्काम, मग विमान, मग गाडी. खालचं सगळं ओट्सहूर्न गावाच्या आसपासच्या भागासाठी आहे, म्हणजे वेस्टर्न केप प्रांतातला लिटल कारू, उत्तरेला स्वार्टबर्ग आणि दक्षिणेला औटेनिक्वा या दोन डोंगररांगांच्या मधला कोरडा पट्टा. गार्डन रूट करणाऱ्यांना हाच सगळ्यात जवळ पडतो. कलाहारीतही मीरकॅट भरपूर, पण तिथलं अंतर आणि बजेट दोन्ही वेगळं प्रकरण आहे, ते इथं घेत नाही.

## १. आधी एवढं डोक्यात ठेवा

मीरकॅट मुंगसाच्या भावकीतला, वजन पाऊण किलोच्या आसपास, टोळीनं बिळात राहणारा. रात्रभर सगळे आत. सूर्य वर आला की एकेक करून बाहेर येतात आणि मागच्या पायांवर उभं राहून पोट उन्हाकडे करतात, कारण पोटावर केस विरळ आणि खालची कातडी काळपट, तिथून अंग पटकन तापतं. अंग तापलं की किडे, विंचू शोधायला निघून जातात. तुम्हाला बघायचाय तो कार्यक्रम एवढाच, बाहेर येण्यापासून निघून जाईपर्यंत. नंतर दिवसभर ते झुडपांत पांगलेले असतात आणि गाडीतून शोधून सापडणं म्हणजे निव्वळ नशीब.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि पुढचं सगळं प्लॅनिंग यांच्यावरच उभं आहे.

एक, ऊन नाही तर मीरकॅट नाही. ढगाळ किंवा फार गार सकाळी ते उशिरा येतात, पावसात बहुतेक येतच नाहीत.

दोन, एका टोळीची हद्दीत बरीच बिळं असतात आणि टोळी दर काही दिवसांनी बीळ बदलते. त्यामुळे मागच्या आठवड्यात कुणाला दिसलेल्या जागेचं गूगल लोकेशन घेऊन काही उपयोग नाही.

तीन, माणसाची सवय नसलेली टोळी तुम्हाला बघितल्याबरोबर बिळात जाते. जवळून बघायचं तर जिच्याजवळ कुणीतरी महिनोन् महिने, न खाऊ घालता, रोज बसलंय अशीच टोळी लागते. हे काम फार्मचा मालक सहसा करत नाही, मीरकॅटचा गाइड करतो.

सावध: मीरकॅट माणसाच्या डोक्यावर चढून बसलेत असे फोटो बघून जात असाल तर ते बहुतेक बोत्स्वानातल्या मकगडीकगडी भागातले असतात, तिथं उंच जागा म्हणून ते माणसावरही चढतात. ओट्सहूर्नला तुम्ही खुर्चीत बसता, ते काही मीटरवर उभे असतात. अपेक्षा तेवढीच ठेवा.

## २. महिना ठरवा

आपल्याकडची मंडळी जातात ती मेच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीत. दोन्हीला जमतं, फक्त ऋतू उलटे असतात हे नुसतं वाचून सोडू नका, घड्याळात बघा. मेच्या मध्यावर तिथं सूर्योदय सव्वासातच्या आसपास, म्हणजे सहाला उठलं तरी चालतं, पण थंडी चांगलीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय साडेपाचच्या आसपास, डिसेंबरात त्याहून आधी, म्हणजे तुमची पहाट चारची. जूनमध्ये साडेसात होतात. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर हा फरक फार मोठा आहे.

मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दिवस बरे. सकाळी थंडी सोसवते, आणि उन्हाळ्याच्या बाजूला पिल्लं असण्याची शक्यता जास्त. पिल्लं लहान असताना पहिले तीनेक आठवडे टोळी सहसा त्याच बिळाला धरून राहते, एखाददुसरा मोठा राखणीला मागं थांबतो, त्यामुळे जागा हुकण्याची भीती कमी. पण पिल्लं दिसतीलच असं कुणी आधी सांगत असेल तर तो विकायला बसलाय एवढं समजा.

दोन काळ टाळा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तिथल्याच लोकांच्या शाळेच्या सुट्ट्या असतात, सगळं महाग आणि भरलेलं. आणि मार्च-एप्रिलच्या सुमाराला ओट्सहूर्नमध्ये मोठा कला महोत्सव असतो, गावातल्या आणि आसपासच्या खोल्या आधीच जातात, तेव्हा त्या वर्षाच्या तारखा बघून घ्या.

## ३. पहिलं बुकिंग: गाइड, आणि दोन पहाटा

ही पायरी सगळ्यात जास्त चुकते म्हणून थोडं सविस्तर.

ओट्सहूर्नला पहाटेचे मीरकॅट वॉक नेणारे लोक आहेत. सूर्योदयाआधी ठरलेल्या जागी भेटायचं, तिथून थोडं चालत किंवा गाडीनं बिळापर्यंत, मग खुर्च्या, कॉफी आणि वाट बघणं. चांगला गाइड आदल्या संध्याकाळी जाऊन टोळी कुठल्या बिळात शिरली ते बघून येतो आणि मगच तुम्हाला जागा कळवतो. त्याला आधी मेसेज करा, फार्मला नाही. मेसेजमध्ये हे विचाराच:

- मीरकॅट पूर्ण मोकळे, जंगली आहेत का? त्यांना खायला घालता का? (उत्तर 'हो, घालतो' असेल तर तो विषय तिथंच संपवा.)
- भेटायची जागा कायम एकच की रोज बदलते? गावापासून किती लांब?
- ढग किंवा पाऊस असेल तर कॅन्सल कोण करतं, किती वाजता कळवता, पैसे परत की दुसरी तारीख?
- मुलांना किती वर्षांपासून घेता? (काही ठिकाणी दहा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. हे तिथं पोचल्यावर कळलं की मग नवरा-बायकोपैकी एकानं गाडीत बसायचं.)
- किती चालायचंय, गुडघेदुखीवाल्या माणसाला जमेल का?

आणि एक नाही, सलग दोन पहाटा राखून ठेवा. पहिलीचं पक्कं बुकिंग, दुसरीसाठी विचारा की पहिली हवामानामुळे गेली तर जागा मिळेल का. 'एकाच रात्रीचा मुक्काम आहे, बघू नशिबात असेल तर' हा प्लॅन नाही, लॉटरी आहे. त्यापेक्षा केपटाउनची एक रात्र कमी करा, टेबल माउंटन कुठं पळून जात नाही.

सावध: काही ठिकाणी 'मीरकॅट एन्काउंटर' म्हणून पिंजऱ्यातले किंवा पाळलेले मीरकॅट दाखवतात, हातातही देतात. त्यावर पैसे घालवू नका. जंगलातली पिल्लं पाळायला उचलून नेण्याचे प्रकार होतात, आणि मांडीवर घेऊन काढलेल्या फोटोंनी त्या धंद्याला हातभारच लागतो.

## ४. आता फार्म निवडा

गाइडच्या भेटीच्या जागेपासून वीस-पंचवीस मिनिटांच्या आत असलेले फार्म बघा. त्यापलीकडचा कितीही सुंदर असला तरी सोडा, कारण पहाटे अंधारात मातीच्या रस्त्यानं जायचंय आणि सूर्य तुमच्यासाठी थांबणार नाही.

फार्मच्या जाहिरातीत 'आमच्याकडे मीरकॅट आहेत' असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटं असतं असंही नाही. मालकाला ट्रॅक्टरवरून कधीतरी दिसलेले असतात. पण कधीतरी दिसणं वेगळं आणि सकाळी सहाला बिळाशेजारी बसून बघणं वेगळं. बऱ्याचदा तर पाहुण्यांना दिसतं ते पिवळं मुंगूस. फरक सोपा आहे: मीरकॅटच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, पाठीवर आडवे पट्टे आणि शेपटीचं टोक काळं, पिवळ्या मुंगसाच्या शेपटीचं टोक पांढरं. मालकाला फोटो मागा, शेपटी बघा, विषय संपला.

मालकाला विचारायच्या गोष्टी अशा, आणि या उत्तरांवरच फार्म ठरवा, स्विमिंग पूलवर नाही:

- रात्री मेन गेटला कुलूप असतं का? पहाटे चार-पाचला आम्ही बाहेर कसे पडणार, किल्ली की रिमोट?
- कुत्री मोकळी असतात का? घराला अलार्म आहे का?
- डांबरी सोडल्यावर मातीचा रस्ता किती किलोमीटर, साधी छोटी कार येते का?
- खोलीत मोबाइलची रेंज किंवा वायफाय आहे का? (गाइडचा मेसेज संध्याकाळी येतो, तो मिळालाच पाहिजे.)
- सकाळचा नाश्ता नऊनंतर मिळेल का?
- स्वयंपाकघर आहे का?

शेवटचा प्रश्न शाकाहारी लोकांनी हसण्यावारी नेऊ नये. कारूमधला फार्म म्हणजे मटण आणि शहामृग, संध्याकाळी शेगडी पेटवून मांस भाजणं हाच पाहुणचार. मालकीणबाई प्रेमानं सॅलड देतील, पण दोन दिवस सॅलडवर आपल्या माणसाचं डोकं फिरतं. सेल्फ केटरिंग, म्हणजे स्वयंपाकघरासकट खोली घ्या, ओट्सहूर्नच्या सुपरमार्केटमधून तांदूळ, भाजी, दही, अंडी जे लागेल ते उचला.

इथं थांबून तपासा: गाइडचं लेखी कन्फर्मेशन आलं? फार्मच्या दोन रात्री त्याच तारखांना? भेटीची जागा आणि फार्म यातलं अंतर नकाशावर बघितलं? तिन्हीला 'हो' असेल तरच पुढं.

## ५. विमान, व्हिसा, गाडी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. पासपोर्टमध्ये कोरी पानं शिल्लक आहेत ना बघा, मुलांचे जन्मदाखले बरोबर ठेवा. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट मिळतं, ते घ्यायला हरकत नाही, पण तिथल्या एअरपोर्टवर बारा तासांहून जास्त थांबा असेल तर यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट मागतात, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. तिकीट काढतानाच थांबा मोजा. लिटल कारूत मलेरिया नाही, पण त्याच ट्रिपमध्ये क्रुगर नॅशनल पार्क असेल तर डॉक्टरांशी बोला.

जवळचा एअरपोर्ट जॉर्ज. जोहान्सबर्ग आणि केपटाउनहून तिथं विमानं येतात, आणि पुढं औटेनिक्वा पास चढून ओट्सहूर्न साधारण तासाभरावर. केपटाउनहून आर ६२ रस्त्यानं गाडीनं यायचं तर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, पाच तास धरा, वाटेत थांबत आलात तर सगळा दिवस. ज्या संध्याकाळी पोचणार त्याच्या दुसऱ्याच पहाटेचं मीरकॅट बुकिंग असेल तर केपटाउनहून सकाळीच निघा. अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर कुडूसारखी मोठी जनावरं आडवी येतात आणि घाटात धुकं असतं.

गाडी चालवायला आपल्याला त्रास नाही, तिथंही डावीकडूनच. लायसन्स इंग्रजीत आणि फोटोसकट हवं, बरोबर इंटरनॅशनल परमिट घेतलेलं बरं. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स असं चालत नाही, काउंटरवर वाद घालून काही होत नाही.

सावध: भाड्याच्या गाडीच्या साध्या इन्शुरन्समध्ये टायर, काच आणि गाडीचा तळ बरेचदा धरलेला नसतो, आणि मातीच्या रस्त्यावर नेमकं तेच जातं. ते कव्हर वेगळं घ्या. मातीवर गाडी साठच्या वर नेऊ नका, वळणावर तर अजून कमी. खडीवर एकदम ब्रेक दाबला की मागची बाजू सरकते.

## ६. बॅगेत काय

कारूची थंडी कोरडी असते आणि खुर्चीत न हलता बसल्यावर ती पायांतून चढते. मे ते ऑगस्टमध्ये पहाटे पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, जाड मोजे. एकच जाडजूड जाकीट नेऊ नका, नऊ वाजता ऊन चढल्यावर ते काखेत घेऊन फिरावं लागतं. उन्हाळ्यात जॅकेट पातळ चालेल, पण दुपारी पस्तीस-चाळीस डिग्रीची तयारी हवी. रंग मातकट. परफ्यूम नको, आणि खसखस आवाज करणारं प्लास्टिकचं विंडचीटर तर अजिबात नको.

बूट बंद हवेत. रात्री बाहेर ठेवलेले बूट घालण्याआधी उलटे करून झटका, तिथं विंचू आहेत, केप कोब्रा आणि पफ अॅडर हे विषारी सापही. हेडलॅम्प माणशी एक. कॅमेऱ्याला १००-४०० मिमीसारखी लेन्स पुरते, शटरचा आवाज बंद करता येतो का ते घरीच बघून ठेवा. ड्रोन घरी ठेवा, वरून काही फिरायला लागलं की मीरकॅटला ते शिकारी पक्ष्यासारखंच.

चार्जरबद्दल एक सोपी गोष्ट. तिथलं मोठं तीन पिनांचं सॉकेट म्हणजे आपल्या घरातल्या गीझरचं असतं तसंच. महागडा अॅडॉप्टर घेण्याआधी इलेक्ट्रिकच्या दुकानात मोठ्या पिनेचं कन्व्हर्टर विचारा.

खाण्याचं: रेडिमेड पोहे-उपमा, लाडू, चटण्या असं कंपनीच्या पॅकिंगमध्ये न्या. मांस, तूप-खव्यासारखे दुधाचे पदार्थ, मध, बियाणं यांवर त्यांच्या कस्टम्सचे नियम कडक आहेत, आजीनं दिलेली तुपाची बरणी घरीच राहू द्या.

## ७. आदला दिवस

दुपारी उजेडातच फार्मवर पोचा. सामान टाकलं की लगेच या क्रमानं:

आधी हवामान बघा, पण जॉर्जचं नको. समुद्रावरून येणारे ढग औटेनिक्वाच्या पलीकडे अडतात, त्यामुळे जॉर्जला पाऊस आणि ओट्सहूर्नला कोरडं असं नेहमी होतं, महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला धूळ उडतेय तसंच. जॉर्जचा अंदाज बघून बुकिंग कॅन्सल करणारे लोक आहेत, खरंच आहेत.

मग भेटीच्या जागेपर्यंत एकदा गाडी नेऊन या. किती वेळ लागला ते घड्याळात बघा, अंधारासाठी त्यात दहा मिनिटं मिळवा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. वाटेत फार्मची गेटं लागतील, नियम एकच: उघडं होतं तर उघडं ठेवा, बंद होतं तर बंद करा. तुम्हाला वाटेल 'बंद केलेलं बरं', पण उघडं गेट जनावरांना पाण्याकडे जायला मुद्दाम ठेवलेलं असू शकतं.

शहामृगाच्या कुंपणाजवळ मुलांना सोडू नका. विणीच्या काळात नर अंगावर येतो आणि लाथ पुढच्या बाजूला मारतो, ती साधी लाथ नसते.

रात्रीच सकाळचे कपडे बॅगेतून काढून ठेवा, थर्मास भरायची तयारी करा, गेटची किल्ली हातात घ्या. गाइडचा मेसेज आला का बघा. नसेल तर झोपायच्या आधी फोन करा, पहाटे नाही.

## ८. पहाट

दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. टॉयलेट आधीच उरकून घ्या, बसल्यावर उठणं नाही. गाडीची दारं हळू लावा, मोबाइल सायलेंट, फ्लॅश बंद, ऑटोफोकसचा लाल-हिरवा दिवाही बंद.

कुठं बसायचं ते गाइड सांगेल आणि तिथंच बसा. मीरकॅट तोंड उन्हाकडे करतात, त्यामुळे सूर्य साधारण तुमच्या पाठीशी असतो, आणि तेव्हा सावल्या लांबलचक पडतात. तुम्ही उठलात की तुमची सावली थेट बिळाच्या तोंडावर जाते आणि बाहेर आलेलं डोकं परत आत. म्हणून उभं राहू नका, हात वर करून फोटो काढू नका, शेजारच्याला बोट दाखवू नका.

मग वाट. ऊन जमिनीवर पडल्यानंतरही बराच वेळ काही होत नाही, आणि नेमकं इथंच लोक कुजबुजायला लागतात. थांबा. आधी एक डोकं वर येतं, नुसते डोळे आणि कपाळ, बराच वेळ आभाळ बघतं. मग ते पूर्ण बाहेर येतं, शेपटी मागं टेकवून उभं राहतं, छातीवरचे केस उन्हात जरा फुललेले, आणि मान सारखी इकडून तिकडे. एक उभा राहिला की बाकीचे येतात, कधी दोघं एकमेकांना चिकटून. या पहिल्या पाच मिनिटांत कॅमेऱ्याचा धडाका लावू नका. ते स्थिरावले, एकमेकांचे केस साफ करायला लागले की मग काढा, तेव्हा फोटोही चांगले येतात.

अंग तापलं की ते माती उकरत पुढं सरकतात. गाइड 'चला' म्हणाला तरच त्यांच्या मागोमाग जा, टोळीच्या मधून चालू नका, आणि एखादा तुमच्या बुटाजवळ आला तरी हात खाली नेऊ नका. चावतो, दात बारीक असले तरी चांगले धारदार असतात. बिस्किटाचा तुकडा टाकणारा माणूस आपल्या ग्रुपमधला असला तरी त्याला तिथंच थांबवा.

उशीर होतोय असं वाटलं तर: ढग सरकत असतील तर थांबायचं. किती थांबायचं ते गाइडवर सोडा, तुमच्या ब्रेकफास्टवर नाही.

## ९. दुसऱ्या पहाटेचं काय

पहिल्या दिवशी नाही दिसले तर तिथंच, गाइड समोर असतानाच, दुसऱ्या दिवसाचं नक्की करा. फार्मवर जाऊन चर्चा करून मग मेसेज पाठवू म्हणाल तर तोपर्यंत खुर्ची दुसऱ्याला गेलेली असेल.

पहिल्याच दिवशी छान दिसले तर राखून ठेवलेली जागा लगेच सोडा म्हणजे कुणाला तरी मिळेल, आणि मोकळी सकाळ कांगो केव्हज या गुहांना द्या, ओट्सहूर्नपासून साधारण तीस किलोमीटर. तिथं दोन टूर असतात, तासाभराची साधी आणि दुसरी अरुंद फटींतून सरपटत जायची. पोट सुटलेल्या मंडळींनी आणि बंद जागेची भीती असणाऱ्यांनी साधीच घ्यावी, फटीत अडकलं की मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा. तिथून पुढं प्रिन्स अल्बर्ट गावाला जायचं असेल तर स्वार्टबर्ग पासचा रस्ता मातीचा आहे, पाऊस किंवा बर्फ झालं की बंदही ठेवतात, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात तो चालतो की नाही ते वाचून घ्या. चालत नसेल तर डी रस्ट गावावरून मेइरिंग्सपोर्टच्या खिंडीतून जा, पूर्ण डांबरी आहे, वेळ थोडा जास्त लागतो.